पुढची चाकं उशिरा का लागत होती

आमची डॉज गाडी कल्याणच्या मिल्ट्री कॅम्पातून आलेली. लढाई संपल्यावर तिथल्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली ही एक. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा, रंग वाळल्या शेणाचा. माझ्या नवऱ्याने ती घेतली ती एका गोष्टीसाठी. साध्या ट्रकची मागचीच चाकं ओढतात, पुढची नुसती घरंगळतात. या गाडीत गिअरच्या शेजारी एक लहान दांडी होती. ती ओढली की पुढची चाकंही ओढायला लागायची. माझा नवरा बैलगाडीवाल्याचा मुलगा. तो म्हणायचा, "मागं दोन बैल हायतच. चिखल आला की पुढं आनखी दोन जुंपायचं." त्या दांडीला आमच्या घरात जुंपणीची दांडी असंच नाव पडलं.

जुंपणी लागायची बांधावर. माजिवड्याच्या पुढे खाडीच्या अंगाला आमचं मिठागर. आमचं म्हणजे आम्ही तिथे राबणारे, मालक मुंबईला. मीठ पिकायचं सगळ्यांत बाहेरच्या वाफ्यांत, आणि तिथून रस्त्यापर्यंत यायला एकच लांब मातीचा बांध. वरून सुका दिसायचा, आत लोणी. गाडी यायच्या आधी ते मीठ आम्ही बायका पाटीत भरून डोक्यावरून आणायचो. ओलं मीठ पाझरतं. ते पाणी टाळूवरून मानेवर उतरायचं आणि कातडी सोलायचं. वजनाने माझ्या मानेत अशी कळ बसली होती की डावीकडे बघायचं तर मला सगळं अंग वळवावं लागायचं. गाडी आली आणि बांधावरच्या पाट्या सुटल्या. माझ्या नवऱ्याला गाडीचा तोरा होता. मला तोऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. गाडी बांधावर चालली तर माझी मान राहणार होती, नाहीतर नाही.

त्या वर्षी थंडीच्या दिवसांत पुढची चाकं उशिरा लागायला लागली. आधी दांडी ओढली की खालून खट् असा आवाज यायचा आणि गाडी पुढून उचलल्यासारखी व्हायची. आता दांडी अर्ध्यात अडायची, हाताला जड लागायची, ओढून धरली तरी गाडी बरंच अंतर तशीच जायची आणि मग कधीतरी जोराने दणका बसून चाकं लागायची. तेवढ्या वेळात मागची चाकं चिखल उकरून मोकळी झालेली असायची.

पौर्णिमेच्या उधाणाला तेच झालं. गाडी भरलेली, चाकं लागेनात, मागचा भाग रुतला आणि बांधाची कड तुटून खाली गेली. भरतीचं पाणी तिथून वाफ्यात शिरलं. तयार मीठ विरघळून गेलं. आगरावरचा मेहता, म्हणजे मालकाचा कारभारी, छत्री आपटत आला.

"परशुराम, ही गाडी आहे का म्हैस? बसते कुठे पण!"

"थंडीनं जरा आखडलीय," माझा नवरा म्हणाला.

"मग तिला गोधडी घाल. अमावास्येच्या उधाणाच्या आत बाहेरची रास रस्त्याला आली पाहिजे. पुन्हा जर ही बांधावर बसली तर गाडी बांधावर बंद. बायका आहेत, पाट्या आहेत. त्या काही रुतत नाहीत."

तो हे बोलला तेव्हा मी तिथेच उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नवऱ्याने गाडीखाली अंग टाकलं. खोटं कशाला बोलू, त्याने कसूर केली नाही. दांडीच्या सळ्या मिठाने गंजल्या होत्या. त्या सोडवून घासलेटात भिजवल्या, खिळ्या घासून काढल्या. काही फरक नाही. मग कोणीतरी सांगितलं, पुढचे टायर झिजलेले आणि मागचे नवे असले की चाकांचं आपसांत भांडण लागतं. त्याने सुतळीने चारी चाकांचा घेर मोजला. सारखा होता. मग क्लचवर संशय. तो दाबून बघ, सोडून बघ, चालत्या गाडीत ओढ, थांबवून ओढ. शेवटी त्याने गाडीच्या पोटातली पेटी बघितली, जिच्यातून जोर पुढच्या चाकांना जातो ती. बाजूचं बूच काढून बोट घातलं. "वंगन भरपूर हाय," तो म्हणाला आणि बूच लावून टाकलं.

माझी सासू आवडाबाई उंबऱ्यात बसून बघत होती. "असणारच," ती म्हणाली. "त्यात कमी पडायची नाय."

आता उरला एक माणूस, इनास. आमच्या गावाच्या कडेला किरिस्तावांची पाखाडी, म्हणजे वस्ती होती, तिथला. लढाईत कॅम्पाच्या वर्कशॉपात याच गाड्या उघडायचं काम त्याने केलं होतं. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या डॉज होत्या ते सगळे त्याच्याकडे यायचे. फक्त आम्ही जायचो नाही. आम्ही विहिरीवरसुद्धा त्यांची पाळी संपल्यावर जायचो.

त्याचं कारण असं. लढाईच्या आधी एका मोठ्या उधाणाला इनासच्या बापाच्या खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या भातशेतात, खारं पाणी शिरलं. भात पोटरीत आलेलं. खाजणाच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. पावसाचं पाणी बाहेर सोडायला ते उघडतात, भरतीला बंद ठेवतात. इनासचा बाप म्हणायचा, माझी उघाडी कोणीतरी उघडली. आगराचा बांध फुटायला आला होता, तो वाचवायला पाणी माझ्या शेतात सोडलं, आणि ते काम बैलगाडी हाकता हाकता आगरावर मुकादम झालेल्या माझ्या सासऱ्याचं. सासरे म्हणायचे, खेकड्यांनी बांध पोखरला. पंच बसले. खेकड्यांवर सगळ्यांचा विश्वास बसला, कारण सासरे मुकादम होते. ते शेत पुढे कित्येक वर्षं पांढरं राहिलं. इनासचा बाप बंदरावर गोणी उचलायला गेला आणि तिथेच खंगून मेला. तेव्हापासून पाखाडीत आमच्या घराला खेकडे म्हणायचे. पोरं आम्हाला बघून बोटांचे आकडे करून आडवी चालायची.

नवरा गेला नसता. मी त्याला म्हणाले, "तुमी नाय गेलात तर मी जाईन. पाटी मना उचलायचीय, तुमाला नाय." त्यावर त्याने तांब्या फेकला. तो मला लागला नाही, भिंतीला लागला. मग त्याने गाडी चालू केली आणि मी न विचारता शेजारी चढून बसले.

इनासच्या दारात चिंचेचं झाड, त्याखाली साखळी टांगलेली, तेलाची पिंपं. तो स्टुलावर बसून चहा पीत होता. आमची गाडी बघून उठला नाही. त्याची बायको स्टेला दारातून म्हणाली, "इनास, खेकडं आयलं रं, चार पायाचं."

"चार पायाचं कुठलं," इनास म्हणाला. "दोन पाय लागतच नायत त्याचं. सगल्या खाडीला म्हाईत हाय."

नवरा खाली उतरला. "गाडी बघतोस काय?"

"बघतोय की. रोज बघतोय. रुतलेली."

"नीट करतोस काय इचारलं."

"तुझ्या बापानं आमचं शेत नीट केलं तसं करू?"

नवरा परत गाडीत चढायला निघाला. मी दरवाजा आतून धरून ठेवला. तो ओढत होता आणि मी धरून होते. हे सगळं पाखाडी बघत होती. ओट्यांवर माणसं जमायला लागली होती. शेवटी इनास उठला. माझ्या मते तो आमच्यासाठी नाही उठला, गाडीसाठी उठला. काही माणसांना बिघाड झालेलं यंत्र समोर असलं की बसवत नाही.

"इकडं ये," तो नवऱ्याला म्हणाला. "इचारतो तेवढंच बोल. हात लावायचा नाय. सकाली उशीर लागतो का दुपारी?"

"सारखाच."

"सारखा नाय," मी म्हणाले. "सकाली पयल्या फेरीला लय उशीर. दुपारी उन्हात चार फेऱ्या झाल्या की लवकर लागतात. दांडीपन हलकी होतं."

नवऱ्याने मान फिरवून माझ्याकडे बघितलं. इनासनेही बघितलं, पण बोलला तो नवऱ्याशीच. "बायकोला कलतं. तू काय आंधला हायस? सुटताना काय होतं? दांडी परत टाकताना अडतं?"

"नाय अडत."

"मग टायरचं नाय." तो गाडीखाली सरकला. आतून त्याचा आवाज आला. "सल्या कोनी घासल्या?"

"मी."

"बऱ्या घासल्यास. तुझ्या घरान्यात पयल्यांदा कोनी लोखंड साफ केलं. हात साफ करायची सवय हाय म्हना."

ओट्यावर हशा झाला. नवऱ्याची कानशिलं लाल झाली. खाली इनास बूच फिरवत होता. बूच निघालं. तो बाहेर आला तेव्हा त्याचं मधलं बोट पेरापर्यंत माखलेलं होतं. त्याने ते नाकाशी नेलं, वास घेतला, पुन्हा घेतला. आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं तसलं हसू मी नंतर कधी कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. बोट त्याने चिंचेच्या खोडाला पुसलं.

"कललं," तो म्हणाला.

"काय कललं?"

"रोग कलला. औषधपन हाय माझ्याकडं. एक दुपारचं काम. उद्या सकाली दांडी ओढशील तशी चाकं लागतील."

"मग कर."

"करतो." तो स्टुलावर जाऊन बसला. "आधी तू बोल. ह्या सगल्या पाखाडीसमोर बोल, आमची उघाडी कोनी उघडली."

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं आमचं काहीतरी अडायची वाट बघत होता.

"खेकड्यांनी पोखरलं," नवरा म्हणाला.

"जा मग. खेकड्यांकडनं गाडी नीट करून घे."

"इनास, तुझा बाप दारू पिऊन बांधावर झोपायचा. उघाडी उघडी टाकली आसंल त्यानंच."

इनास स्टुलावरून उठला तो हातात पाना घेऊन उठला. स्टेलाने त्याचा दंड धरला. "मारू नको. मारलंस तर पोलिसात जातील, आनि तिथंपन खेकडंच साक्षीला आनतील." ती नवऱ्याकडे वळली. "माझा सासरा पीत नव्हता. शेत मेल्यावर प्यायला लागला. जा तुजी म्हैस घेऊन."

नवरा गाडीत चढला. त्याने इंजिन चालू केलं. मी तोपर्यंत खाली उतरले होते.

मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. सासरे शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "फल्या मीच काढल्या. दुसरा इलाज नव्हता." आवडाबाई पायाशी बसली होती. ती म्हणाली, "तापात बरलतायत." त्यांना तेव्हा ताप नव्हता. त्यानंतर घरात तो विषय निघाला की सगळे खेकड्यांवरच यायचे, मीसुद्धा.

मी इनाससमोर जाऊन उभी राहिले. "मी सांगते."

"तुला कोन इचारतो?"

"तुला कोन पायजे हाय, मानूस का उत्तर? उत्तर पायजे तर घे. माझ्या सासऱ्यांनी उघडली. त्यांच्या तोंडातनं मी ऐकलंय."

मागे इंजिन बंद झालं.

इनासचा पाना तसाच हातात होता. तो हळू म्हणाला, "सासऱ्यांनी म्हंजे कोनी? नाव घे."

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. नुसतं नाव नाही, त्या नावासारखा शब्दसुद्धा नाही. माझ्या सासऱ्यांच्या नावात काळा हा शब्द होता म्हणून मी लग्नापासून काळ्या गाईला सावळी म्हणायचे, काळ्या मिरीला तिखट मणी म्हणायचे. पाखाडीतल्या बायकांना हे माहीत होतं. इनासलाही माहीत होतं. एकाच विहिरीवरची आणि एकाच बोलीतली माणसं आम्ही. एकमेकांना नेमकं कुठे टोचायचं हे आम्हाला शिकवावं लागत नव्हतं.

"तुळसे!" नवरा गाडीतून ओरडला. "तोंडातनं शब्द काढशील तर घरात पाय ठेवायचा नाय!"

"घे," इनास म्हणाला.

माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी सासरे नव्हते, इनासचा बाप नव्हता. पाटी होती. मी म्हणाले, "काळुराम गोमा भोईर. त्यांनी उघडली. आगर वाचवायला उघडली आनि तुमचं शेत मारलं."

कुणी हसलं नाही. एक म्हातारी छातीवर क्रुसाची खूण करून ओट्यावरून आत निघून गेली. इनासच्या तोंडावर मला वाटलं होतं तसा आनंद काही आला नाही. उलट तो आणखीच चिडलेला दिसला. "जोरात," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू नाय गेलं."

"एकदा सांगितलं. तू बहिरा असशील तर पाद्र्याला सांग कान धुवायला. आता गाडीला हात लाव."

स्टेला म्हणाली, "लाव, इनास. बोललास ना तू."

त्याने गाडीला हात लावला. पत्र्याचं टोपलं पेटीखाली सरकवलं आणि तळातलं बूच काढलं. तेल म्हणावं असं काही पडलंच नाही. वाट बघितली तेव्हा एक जाड दोरी लोंबायला लागली, काळीभोर, थंड काकवीसारखी. ती टोपल्यापर्यंत पोचायलाच किती वेळ लागला. सगळे वाकून बघत होते. स्टेलाने नाकाला पदर लावला आणि मग पदर सोडून टाकला.

"अगो बाय! ह्यो तर बैलगाड्याचा वंगन! एरंडेलाचा!"

मग जो हशा झाला तो माजिवड्याच्या नाक्यापर्यंत गेला असेल. कॅम्पातून गाडी आणताना तिथल्या, मूळच्या डोंबिवलीच्या एका फिटरने नवऱ्याला सांगितलं होतं, मधल्या पेटीतलं वंगण बघत जा, कमी झालं की भर. नवऱ्याने घरी येऊन तेच सांगितलं. आवडाबाई म्हणाली, वंगण ना, ते माझ्याकडं सोपवा. जन्मभर तिने नवऱ्याच्या बैलगाडीच्या आसासाठी वंगण केलेलं. एरंडेल कढवायचं, त्यात चुलीवरची काजळी आणि थोडी राळ घालायची, बोटाला तार सुटली की उतरायचं. बांबूच्या नळीतून ते गाडीला घालायचं. तिने ते डॉजला घातलं, भरभरून घातलं, पेटीतलं कमी होईल तसं परत घातलं. फिटर बोलला वंगण, त्याच्या मनात गिअरचं तेल; आम्ही ऐकलं वंगण, आमच्या मनात बैलगाडीचं. दोघांचाही शब्द बरोबर होता. गाडी तापली की एरंडेल जरा पातळ व्हायचं आणि दांडी सरकायची. सकाळच्या गारठ्यात त्या राळेत आतला दाता रुतून बसायचा, जशी गाडी बांधात रुतायची.

"मिल्ट्रीच्या गाडीला बैल समजलं!" ओट्यावरून कोणीतरी ओरडलं. "शेपूट कुठं हाय रं तिला?"

"पेंड घालतोस काय परश्या सकाली?"

नवरा गाडीच्या पायरीवर बसला होता. त्याने टोपल्यातल्या त्या गोळ्याकडे एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही. इनासने पेटी घासलेटाने तीनतीनदा धुतली. आतून राळेचे खडे निघाले. मग पिंपातलं पिवळं गिअरचं तेल, ज्याला मिल्ट्रीवाले ऑइलच म्हणायचे, ते ओतलं. ते पाण्यासारखं नव्हतं, पण वाहणारं होतं. काम करताना त्याने हशाकडे लक्ष दिलं नाही. तोही हसला नाही. झाल्यावर तो स्वतः गाडीत चढला, पाखाडीच्या रेतीत नेली आणि दांडी ओढली. खट्.

उतरून त्याने हात पुसले. नवरा म्हणाला, "झालं तुझं?"

"माझं कवाच झालं," इनास म्हणाला. "तुझ्या बापानं केलं."

घरी आमच्या आधी बातमी पोचली होती. आवडाबाई ओटीवर उभी होती. मला वाटलं होतं ती आधी उघाडीचं काढेल. तिने ते काढलंच नाही.

"माज्या नवऱ्याचं नाव घेतलंस तू?"

"घेतलं."

"मी घेतलं नाय अजून. चार पोरं झाली, तो मेला, अजून नाय घेतलं मी. आनि तू किरिस्तावाच्या दारात घेतलंस."

"दुसरा इलाज नव्हता," मी म्हणाले. हे शब्द कुणाचे होते ते दोघींच्याही एकदम ध्यानात आलं. तिने हात उचलला, मारला नाही. मग एकदम तिचं तोंड दुसरंच झालं. "आनि वंगनाला हसलं म्हनं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"फिटर वंगनच बोलला व्हता. परश्यानं सांगितलं मना, वंगन. वंगनाला वंगन नाय बोलायचं तर काय बोलायचं?" तिने ओटीवरची बांबूची नळी उचलली आणि अंगणापलीकडे झुडपांत भिरकावली. त्या रात्री तिने माझ्या हातचं खाल्लं नाही. पुढेही खाल्लं नाही. ती स्वतःची चूल वेगळी मांडून जेवायची, माझ्या चुलीपासून दिसत राहील अशी.

नवरा माझ्याशी बोलला नाही. घरात पाय ठेवू देणार नाही म्हणाला होता, तेही त्याने केलं नाही. चाकं लागली होती, त्यामुळे त्याला नीट रागावताही येईना. त्याला खरा राग त्याचाच जास्त होता.

सकाळी गारठा होता. खाडीवर धुकं. अमावास्येचं उधाण दुपारी चढणार होतं, त्याच्या आत बाहेरची रास आणायची होती. त्याने मला हाक मारली नाही. मी आपली पाटी घेऊन हौद्यात चढले. जया आणि बाकीच्या बायका आधीच बसल्या होत्या. मी बसले तशा त्या दोन वीत सरकल्या.

"तुळसे, खरंच घेतलंस?" जया खाली बघून म्हणाली.

"घेतलं."

"जीभ जड नाय झाली?"

"पाटीपेक्षा हलकी व्हती."

बांधाच्या तोंडाशी मेहता छत्री टेकून उभा होता. नवऱ्याने गाडी थांबवली, क्लच दाबला, दांडी ओढली. खट्. पहिल्याच झटक्याला, सकाळच्या गारठ्यात. गाडी पुढून उचलली गेली आणि तुटलेल्या कडेपाशी जिथे आम्ही रुतलो होतो तिथून सरळ गेली. मागच्या चाकांनी चिखल उडवला तो मेहत्याच्या धोतरावर. तो शिव्या देत बाजूला झाला, पण थांब म्हणाला नाही.

रास भरली. परत आलो. पुन्हा गेलो. दुसऱ्या फेरीच्या वेळी मेहता निघून गेला होता. गाडी बांधावर चालली की चालली, त्यात त्याला बघायचं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला भरून झाल्यावर नवरा गाडीतून उतरून मागे आला. हौद्याच्या फळीवर हात ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, "उतर."

"का?"

"माझ्या गाडीत तू बसायचं नाय. चालत ये. रिकामी नको येऊस, पाटी भरून ये."

जयाने पदर तोंडावर घेतला. खाडीकडून पाणी वाफ्याच्या बाहेरच्या कडेला लागलं होतं, त्याचा चुळचुळ आवाज येत होता.

"नाय उतरत," मी म्हणाले.

"तुळसे, चारचौघींत बोलतोय मी."

"मीपन चारचौघांतच बोलले काल. तुमी त्या वेळी गाडीत बसून व्हता. गाडी तुमची, खरं हाय. पन ही चाकं कशानं लागतात ते ह्या सगल्यांना म्हाईत हाय. मना उतरवायचं तर तेल काढून आईचं वंगन भरा परत, आनि मग बोला. पानी चढतंय. हाका."

तो तसाच उभा राहिला. त्याच्या जबड्याचं हाड हलताना दिसत होतं. मग जया म्हणाली, कुणाला तरी म्हणावं तशी, "बांध भिजला तर सगल्यांनाच पाट्या." दुसरी म्हणाली, "हाका की दादा." तिसरीने हौद्याच्या पत्र्यावर थाप मारली.

तो गेला. दरवाजा इतक्या जोराने लावला की काचेची चौकट निखळली. गाडी चालू झाली, दांडी ओढली गेली, आणि भरल्या मिठावर मी एकटी एका बाजूला आणि बाकीच्या सगळ्या दुसऱ्या बाजूला, अशा आम्ही बांधावरून रस्त्याला आलो. त्या उधाणाला रास पूर्ण निघाली. बांधावरची पाटी मी पुन्हा उचलली नाही, आणि माझा नवरा त्या मोसमात माझ्याशी पुन्हा बोलला नाही.